अठ्ठेचाळीस हजार सातशे तीस

४ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं! डबडं सापडलं!

आईच्या खोलीतल्या कपाटात, सगळ्यात वरच्या खणात, गरम पाण्याच्या पिशवीच्या मागे. तिच्या नर्सच्या टोपीत गुंडाळून ठेवलेलं. आणि मी ऑक्टोबरमध्ये आई गेल्यापासून ते कपाट उघडायचं टाळतेय, का तर रडू येईल. आलंच रडू, पण भलत्याच कारणाने! स्टुलावर उभी राहून एकटीच किंचाळले. नवरोबा अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आला, त्याला वाटलं पाल निघाली.

डबडं म्हणजे हातात धरून खेळायचा तो जुना खेळ. वरून तुकडे पडतात, खाली ओळ पूर्ण भरली की पुसली जाते. डाव्या अंगठ्याने तुकडा सरकवायचा, उजव्याने फिरवायचा. बस्स. एवढ्याशा गोष्टीवरून आम्ही दोघा भावंडांनी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या.

म्हटलं, आता कशाचं चालतंय. बटण दाबलं तर टुंई करून सुरू! मोठे सेल नवेकोरे होते. म्हणजे आई शेवटपर्यंत सेल बदलत होती? कशाला? ती तर कधी खेळली नाही. "डोळे फोडून घ्या मेल्यांनो," एवढाच तिचा त्या खेळाशी संबंध.

आणि पडद्यावर, सगळ्यात आधी, तोच आकडा. ४८,७३०. दादाचा विक्रम! तो चौदा वर्षांचा होता, मी आठची. पस्तीस वर्षं हा आकडा माझ्या छातीवर बसलाय. माझी धाव ३९ हजारांपर्यंत. त्याच्या वर गेले की घाई नडायची.

अंगठे शिवशिवताहेत.

५ फेब्रुवारी, बुधवार

दादाला फोन केला. तो बावीस तारखेला येतोय हे ठरलेलंच होतं. पक्षाघाताचा झटका आल्यानंतरचा पहिला प्रवास. आईच्या वेळी तो स्वतःच दवाखान्यात पडून होता, येऊ शकला नाही. ते त्याला अजून लागतं. मी विषय काढत नाही.

मी म्हटलं, "ओळख, काय सापडलं?" तो एकदम, "डबडं?" दुसरं काहीच नाही, सरळ डबडं!

"माझा रेकॉर्ड आहे का गं त्यात?"

"आहे की. अठ्ठेचाळीस हजार सातशे तीस. जसाच्या तसा."

मग हसला. "तेवढाच आहे ना? नीट बघ हां." यात हसण्यासारखं काय होतं? मला वाटतं खूश झाला.

मग म्हणाला, "बुटके, मला डाव्या हाताने शर्टाचं बटण लावता येत नाही. अंगठा ऐकतच नाही. डॉक्टर म्हणतात, जेवढा सुधारायचा तेवढा सुधारला. पण एकेकाळी अठ्ठेचाळीस हजार काढले होते की नाही? एकदा डोळ्यांनी बघायचंय."

रडका सूर लागू द्यायचा नव्हता. म्हणून मुद्दाम म्हटलं, "ये तर खरा. तुझ्यासमोर मोडते."

"हिंमत असेल तर मोड!"

अशी मजा आली! फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात दोन उड्या मारल्या. चव्वेचाळीसाव्या वर्षी. बरणी पडता पडता वाचली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पडद्याच्या कोपऱ्यात एक चिमुकलं सेलचं चित्र लुकलुकतंय. हे काय नवीन?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

घड्याळवाल्याकडे गेले. म्हाताऱ्याने डोळ्याला भिंग लावलं, डबडं कानाशी धरून हलवलं (का, देव जाणे) आणि म्हणाला, "ताई, मोठे सेल खेळ चालवतात. पण आत एक बटणाएवढा सेल असतो, तो आठवण सांभाळतो. तो संपत आलाय."

"मग बदलून द्या."

"मी नाही. हात कापतो आता माझा. तुमचा कापतो का?"

माझा! मी बावीस वर्षं दातांच्या कवळ्या करतेय. सुळ्याच्या टोकावरचा केसाएवढा उंचवटा मी बोटाने ओळखते. म्हटलं, नुसता सेल द्या आणि कसं करायचं ते सांगा.

तर म्हणाला, दोन छोटे पाय डकवलेला सेल मागवावा लागेल, सोमवारी मिळेल. आणि एकच गोष्ट तीनदा बजावली: "छोटा काढाल तेव्हा मोठे आत हवेत. मोठे काढाल तेव्हा छोटा आत हवा. दोन्ही एकदम बाहेर आले की आठवण पुसली. कायमची."

इतकं सोपं! यात चुकणार कोण?

(हे वाक्य चार दिवसांनी वाचताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.)

१० फेब्रुवारी, सोमवार

सेल आला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यामागच्या माझ्या खोलीत डबडं उघडलं. मागचे सहा स्क्रू. कवळीच्या गुलाबी मेणाचा पत्रा घेतला, त्यावर डबड्याची आकृती कोरली आणि निघेल तो स्क्रू त्याच्या जागी मेणात खोचला. एकाचीही अदलाबदल नाही. अशी शिस्त! माझी मलाच दृष्ट लागेल.

आत बघते तर काय — आईची चिकटपट्टी! इंजेक्शननंतर लावतात ती पांढरी, आता तपकिरी झालेली. छोट्या सेलवर आडवी डकवलेली. मी खोखो हसले. आमच्या घरात असं काही नव्हतंच ज्याला आईने ती पट्टी लावली नाही. छत्रीची काडी, चपलेचा अंगठा, दादाच्या चष्म्याची दांडी, एकदा तर चिरलेला टोमॅटो. डबड्याचाही सेल कधी सैल झाला असेल, दिली असेल ठोकून एक पट्टी!

काढवेना. आज नुसतं बघून झाकण लावलं. सेलचे पाय जोडायला डाग द्यायचं (सोल्डरिंगचं) यंत्र उद्या घड्याळवाल्याकडून आणते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मेले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिहायला हवं, नाहीतर दुसरं काही सुचायचं नाही.

सगळं नीट चाललं होतं. मोठे सेल आत, पडदा चालू, ४८,७३० डोळ्यांसमोर. पट्टी अलगद सोडवली, जुना छोटा सेल काढला. आकडा जागच्या जागी! नवा सेल चिमट्यात धरला, डाग द्यायचं यंत्र तापलं, मी पुढे वाकले. एवढ्यात दारातून आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी डोकं घातलं.

"काय गं, वीज बंद केलीस का?"

आता हे असं आहे. कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी पॉलिशच्या मशीनचा मला झटका बसला होता. तेव्हापासून मी काहीही उघडलेलं दिसलं की बाई हेच विचारतात. बावीस वर्षं, दिवसातून चार वेळा! आणि बावीस वर्षं माझं तोंड म्हणतं "हो बाई" आणि हात आधी वीज बंद करतो. डोकं मध्ये येतच नाही.

"हो बाई," तोंड म्हणालं.

आणि हाताने मोठे दोन्ही सेल उपसून टेबलावर ठेवले.

पडदा विझला. मी बघतेय. बाई बघताहेत. बाई म्हणाल्या, "शहाणी गं माझी," आणि गेल्या!

शहाणी!

सगळं परत जोडलं. सुरू केलं. टुंई. आकडा: ०.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नवरोबाला सांगितलं. त्याने वर्तमानपत्र खाली केलं. "मग सांगून टाक भावाला. एवढं काय त्यात."

उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातं! त्या माणसाचा हात गेलाय. त्याला तो आकडा परत कधीच काढता येणार नाही. आपला एक पराक्रम बघायला तो एवढ्या लांबून येतोय, आणि मी दारातच सांगू, "ये, बस, पाणी घे, पुसला मी"?

नाही म्हणजे नाही.

मग भांडी घासता घासता सुचलं. आकडा पुसला गेला तर आकडा परत काढायचा! मी काढायचा. बरोब्बर ४८,७३०. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. दादाला कोण सांगणार कुणाच्या अंगठ्यांनी निघाला!

नवरोबा म्हणाला, "ही खोटी सही झाली." मी म्हटलं, "खोट्या दातांवर घर चालवतेय, खोटी सहीही करेन!"

काय वाक्य सुचलं! त्यालाही हसू आवरेना.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ११,२००. जेवणाच्या सुट्टीत १६,९४०. बसमध्ये ९,०००, आणि दोन थांबे पुढे गेले.

१६ फेब्रुवारी, रविवार

गणित असं आहे. एक ओळ पुसली की शंभर. दोन एकदम, तीनशे. तीन, सातशे. चार एकदम पुसल्या तर पंधराशे! आणि खालचं बटण दाबून तुकडा पाडला की दर तुकड्याला दहा, नाही दाबलं तर काहीच नाही. म्हणजे शेवटचे आकडे त्या दहा-दहांनीच जुळवायचे. पडद्यावर फक्त सगळ्यात मोठा आकडा राहतो. कमी पडले तर हरकत नाही, पुन्हा खेळायचं. पण जास्त झाले तर तोच आकडा घट्ट बसणार. मग पुन्हा सगळे सेल काढा, पुन्हा शून्य.

म्हणून छोटा सेल अजून डागलेला नाही. मेणाच्या गोळीने नुसता टेकवलाय. निघतो पटकन.

आज ३१,३८०. नवरोबाने स्वयंपाक केला. मीठ विसरला, पण मी काही बोलले नाही, सध्या माझी बाजू पडती आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

४१,०५०!! आयुष्यातला माझा सगळ्यात मोठा आकडा! एकोणचाळीस हजारांच्या भिंतीवरून उडी मारली! डॉक्टरीणबाईंना मिठी मारली. त्यांच्या हातात कुणाचा तरी दाताचा साचा होता, तो फुटला. पेशंटला उद्या परत बोलावलंय.

बाईंना मग सगळं सांगावंच लागलं. त्यांना इतकं वाईट वाटलं की म्हणाल्या, "माझ्यामुळेच झालं हे. बावीस तारखेपर्यंत दुपारी तू फक्त खेळ. कवळ्या मी बघते."

पगारी खेळ! कुणाच्या नशिबी असतं!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डाव्या अंगठ्याला टरटरून फोड आलाय. बाईंनी वर चिकटपट्टी लावून दिली, तीच, पांढरी. ती बघून आईचा अंगठा आठवला. एका हिवाळ्यात तिच्याही अंगठ्याला अशीच पट्टी असायची, महिनाभर तरी. इंजेक्शनची काच लागली म्हणाली होती. रात्रपाळीवरून आली की डोळे लालभडक, आणि अंगठा धरून चहा प्यायची. किती काम करायची बाई.

आज ४४,६००. पट्टीमुळे बटण नीट दाबलं जात नाही, पण पट्टी काढली तर आई गं!

१९ फेब्रुवारी, बुधवार

काय लिहू! कसं लिहू!

सकाळी, अंघोळीच्या आधी, सहज म्हणून बसले. हात आपोआप चालायला लागले. तुकडे जणू विचारून पडत होते. ४५ गेले, ४६ गेले, ४८ गेले — ४८,७३० बघायचं भानच राहिलं नाही — चार ओळी एकदम, पुन्हा चार एकदम! सरतेशेवटी ५३,४६०.

त्रेपन्न हजार चारशे साठ!

दादाचा विक्रम मोडला! पस्तीस वर्षांनी! मी घरभर नाचले. नवरोबाला पलंगावरून ओढून उठवलं, "अहो, बघा, बघा!" तो चष्म्याशिवाय म्हणाला, "किती वाजले?"

मग बसले. डबडं मांडीवर. आकडा माझ्याकडे बघतोय.

नवरोबा चहा घेऊन आला. चष्मा लावून नीट बघितलं त्याने. म्हणाला, "ठेव की गं हाच. त्याला सांग, मोडला. त्यानेच तर म्हटलं होतं, मोड."

म्हटलं होतं. पण मोडायला आधी त्याचा तिथे असायला हवा ना. त्याच्या शेजारी माझा, तर मजा. नुसता माझाच असला तर त्याच्याकडे उरतं काय, न लागणारं बटण?

मेणाची गोळी काढली. मोठे सेल काढले. दहापर्यंत मोजलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. हमसून रडले थोडी.

५३,४६०. इथे लिहून ठेवते. साक्षीदार नवरोबा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

२२,०००. १८,७००. ३०,१००. ज्याला दुधाने तोंड भाजलं... आता पुढे जायचीच भीती वाटते. दोनच दिवस उरले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जमलं! जमलं! जमलं!

दुपारी सव्वादोन. बाई माझ्यामागे स्टुलावर, हातात कागद-पेन्सिल, आकडे ओरडताहेत. बाहेर पेशंट तोंडात कापूस घेऊन बसलेला.

"अठ्ठेचाळीस पाचशे वीस! दोनशे दहा हवेत!"

"दोन ओळी सुट्या सुट्या पुसते, मग एक तुकडा दाबते!"

"एकदम पुसू नकोस, तीनशे होतील!"

"माहितीये बाई!"

एक ओळ. शंभर. पुढचा तुकडा लांब काठी, नको तेव्हाच येते मेली! ती कडेला उभी केली. दुसरी ओळ. शंभर. ४८,७२०. मग एक चौकोन आला, तो सरकवला, खालचं बटण एकदाच दाबलं.

४८,७३०.

मी दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे. आता काहीही दाबायचं नाही. तुकडे आपोआप पडून थर वरपर्यंत चढला की खेळ संपणार. पण पडता पडता चुकून एखादी ओळ भरली तर? आणखी शंभर, आणि सगळं मातीत! बाईंनी माझा खांदा इतका गच्च धरला की वळ उठलाय. एक तुकडा. दोन. तीन. एका ओळीत एकच खाच उरलेली — तुकडा आला — खाचेच्या शेजारी बसला! सहा. सात. थर वर टेकला. टुंई टुंई टुंई.

आकडा: ४८,७३०.

बाई आणि मी हात धरून गोल गोल फिरलो. पेशंटने कापसासकट टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते न कळता!

मग शांतपणे बसून छोटा सेल डागला, मोठे आत ठेवूनच. बाई दारात उभ्या होत्या, तोंडावर हात घट्ट दाबून, चुकून काही विचारलं जाऊ नये म्हणून. आईची जुनी पट्टी फेकवेना. नव्या सेलवर तीच दाबून बसवली, कडांना थोडं मेण लावून. मेणातले स्क्रू एकेक करून परत जागेवर. सहाच्या सहा.

उद्या दादा. झोप कसली लागतेय!

२२ फेब्रुवारी, शनिवार

दादा आला. चहाही घेतला नाही. "आण."

उजव्या हाताने सुरू केलं. आकडा डोळ्यांजवळ धरून वाचला. मग म्हणाला, "हा माझा आकडा नाही, बुटके."

मनात म्हटलं, पकडले गेले!

"माझा तीनशे सत्तर होता. अठ्ठेचाळीस हजार तीनशे सत्तर. आतला छोटा सेल सैल झाला होता, आईने मोठे बदलले आणि तिच्या हातून पुसला गेला. मग डबडं दुरुस्तीला टाकलंय असं आपल्याला सांगून महिनाभर ती रात्रपाळीवरून येऊन, झोपायचं सोडून, खेळत बसायची. एकदा शाळेतून लवकर आलो तेव्हा खिडकीतून पाहिलं. परत काढला तिने. आकडा तेवढा उलटासुलटा लक्षात राहिला बिचारीच्या. मी कधी बोललो नाही. हा तिचा आहे."

मी माझा डावा अंगठा पुढे केला. त्याने पट्टी पाहिली. पडदा पाहिला. पुन्हा पट्टी पाहिली.

आधी तो हसायला लागला की मी, आठवत नाही. रडायला आधी तो लागला.

मग खेळलो. एकाच डबड्यावर, खांद्याला खांदा लावून. उजवा अंगठा त्याचा, डावा माझा. सारखे एकमेकांवर ओरडत होतो. ४,२००.

आईचा विक्रम शाबूत आहे.